मागच्या बाकावर

टक्.
मग काही नाही. मग पुन्हा टक् टक्,
बोरीचा उतार लागला की, तिसऱ्या गिअरला,
जसं बाईंनी पाठ फिरवल्याबरोबर
कुणी पट्टीने बाकावर ठोकावं.

छत्तीस वर्षं फळ्याकडे तोंड करून
मी मागचा वर्ग ऐकला.
कोण गोळी चघळतोय, कुणाचा कंपास पडला,
खिडकीशी कुजबुजतंय ते तिसरं बाक की चौथं,
न वळता नाव घ्यायची मी.
आणि ही सत्त्याण्णवची मारुती,
पांढरी होती, आता चहा सांडलेल्या बशीच्या रंगाची,
हिच्यात बाकं ती किती,
तरी कोण ठोकतंय ते सांगता येईना.

सल्ले फुकट मिळाले.
पोस्टातला केंकरे म्हणाला, बेअरिंग.
जावई फोनवरून म्हणाला, सस्पेन्शन,
आणि त्याच दमात, विकून टाका.
मासळीवाली आपोलीन पाटी मांडीवर घेऊन
लोटलीपर्यंत मागे बसून आली.
म्हणाली, बाय, कसलो आवाज?
खरंच, तेव्हा नव्हताच.
मी तिलाच थोडी बहिरी ठरवलं.

इनासच्या गॅरेजात चार वेळा गाडी उभी राहिली.
त्याने खाली लोळून पाना फिरवला,
सायलेन्सर तारेने आवळला,
दाराचं अस्तर उसवलं. आत निघालं
रसईच्या फेरीचं तिकीट, गंजलेली केसाची पिन,
आणि एक काजूची बी,
जिने खुळखुळायला हवं होतं
पण ती ग्रीसमध्ये चिकटून गाढ झोपली होती.

शेवटी तो स्वतःच मागे बसला.
नव्वद किलोचा इनास, गुडघे हनुवटीशी,
डोळे मिटलेले, गळ्यातला क्रूस ओठांत धरलेला.
उतार. तिसरा गिअर.
आम्ही दोघं श्वास रोखून.
"टीचर, कांयच ना."
त्याला गॅरेजपाशी सोडला,
एकटी निघाले, आणि टक्.

त्या रात्री पेजेला ऊत येईपर्यंत कळलं नाही.
मग कळलं, आणि चुलीवर पेज उतू गेली तरी
मी डाव हातात धरून हसत उभी.
अगं, दंगा करणाऱ्या पोराच्या बाजूला
जाऊन बसलं, तर तो ठोकेल कसा?

सकाळी पंचवीस किलो उकड्या तांदळाची गोणी
मागच्या सीटवर बसवली. उतार. चिडीचूप.
गोणी उतरवली. टक्.

सीटच्या पाठीचा खटका.
झिजून करंगळीच्या नखाएवढी फट पडलेली.
माणूस बसला की दबून राहते,
रिकामी असली की आपटते.
"पयलीं नाशिल्लो हो आवाज?" इनासने विचारलं.
मी हिशेब मांडायला घेतला:
धाकटी दोहाला गेली त्याला अकरा वर्षं,
थोरली पर्वरीला, तिची गाडी वेगळी,
ह्यांना पुढे बसलं की मळमळायचं, म्हणून ते
हातचा एक धरला आणि तिथेच सोडला.
म्हटलं, नाही रे, नव्हता.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दुहेरी घडी.
चाळीस रुपये.

आता उतार येतो, तिसरा गिअर पडतो,
पुलाखाली जुवारी रुंद, मातकट,
एक रेतीची होडी, तिच्यावर वाळत घातलेला कुणाचा शर्ट,
आणि गाडीत काहीच नाही.
इतकं काहीच नाही
की पूल संपल्यावर मी कडेला घेते,
इंजिन बंद करते,
वळून मागे बघते.
वर्ग एवढा गप्प असतो तेव्हा
कुठेतरी काहीतरी फुटलेलं असतं
आणि सांगायला कुणी तयार नसतं.